पाच जणांच्या वतीने

खराडीतल्या आमच्या कंपनीत 'किल्लेदार' हा पंधरा वर्षं जुना ऑनलाइन गेम चालू ठेवायचं काम माझ्या एकट्याकडे होतं. नियमित खेळणारं माणूसही शेवटी एकच उरलं: येरवड्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका विशाखाताई वाघमारे. त्याही कंटाळून जाऊ नयेत म्हणून मी पाच खोट्या नावांनी खाती उघडली आणि रोज दुपारी पाचही नावांनी त्यांच्याकडून हरू लागलो. सुरुवातीला मुद्दाम हरायचो. पुढे मुद्दाम हरायची गरज राहिली नाही.

दोन वर्षांनी कंपनीने गेम बंद करायचं ठरवलं. ताईंना हे ईमेलवरून कळायला नको, म्हणून धीर करून मीच फोन लावला.

"ताई, वाईट बातमी आहे. सोमवारपासून आपला गेम बंद होतोय."

"सुटले बाई!" त्या म्हणाल्या. "अहो, मला केव्हाचाच कंटाळा आला होता. पण ते पाच जण रोज नेमाने हरायला येतात. इतकं सुमार खेळतात, की त्यांच्याशी दुसरं कोण खेळणार? म्हणून थांबले होते."

पाचही जणांच्या वतीने मी त्यांचे आभार मानले.