तेलाची वाटी

विश्राम न्हावी धोकटी घेऊन परसात येऊन बसला होता आणि भाऊ ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. पुतण्याला जाऊन महिना झाला. दहाव्याला सून मंदाकिनी तापाने फणफणली होती, म्हणून तिचं केशवपन राहिलं. आज ते उरकायचंच, असं ठरवून भाऊ सकाळच्या आगगाडीने ठाण्याहून कल्याणला आले होते.

आत मंदाची सासू रंगूबाई तेलाची वाटी घेऊन सुनेची वेणी घालत बसली होती. तीही अगदी सावकाश.

"वहिनी, न्हावी खोळंबलाय," भाऊ दारातून म्हणाले.

"परत पाठवा त्याला, भाऊजी. हिचे केस काढायचे नाहीत."

भाऊंचा पारा चढला. "अहो, वाळीत टाकतील आपल्याला! हिच्या हातचं पाणी कुणी पिणार नाही, श्राद्धाला भटजी मिळणार नाहीत. आणि हे तुम्ही म्हणता? तुमच्याइतकं कडक सोवळं आळीत आहे कुणाचं?"

ते खरंच होतं. ऐन विशीत, मूल मांडीवर असताना रंगूबाईच्या डोक्यावरून वस्तरा फिरला होता. तेव्हापासून आळीत कुणाकडेही श्राद्ध असलं की स्वयंपाकाला रंगूबाईच लागत. या मानाचा तिला अभिमान होता, नाही असं नाही. पण तो पहिला गार वस्तरा ती कधीच विसरली नव्हती.

मंदा मान खाली घालून बसली होती.

रंगूबाई उठली, परसात गेली आणि सुनेसाठी मांडलेल्या पाटावर स्वतःच बसली. तिचं डोकं दर महिन्याला करायचं, ती वेळही भरलीच होती. आधी सासू, मग सून, असं समजून भाऊंनी सुटकेचा निःश्वास टाकला. विश्रामने पाण्यात हात बुडवला.

तिने डोक्यावरचा लाल आलवणाचा पदर मागे सारला. पांढरे खुंट उन्हात उघडे पडले.

"विश्राम, तुझ्या बापाने हे डोकं केलं, मग तू केलंस. तुमची चूक काही नाही. पण आजपासून या घरात हे काम नाही. हिचंही नाही, माझंही नाही."

विश्रामने भाऊंकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याने धोकटी बांधली.

"वहिनी!" भाऊ ओरडले. "आळी काय म्हणेल?"

"इतकी वर्षं चांगलं म्हणत होती, ते ऐकलं. आता वाईट म्हणेल, तेही ऐकू. मंदा, वाटी आण गं."

मंदा वाटी घेऊन आली. तिने सासूच्या टाळूवर तेल ओतलं. धरायला केसच नव्हते, तेल सरळ ओघळत भुवईपर्यंत आलं.

रंगूबाईने ते पदराने टिपलं आणि हसली.

"अगं, बेताने घाल. अजून यायचेत."