कोरे रकाने
पावसाच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीतलं जुनं गणकयंत्र मोडीत निघालं, तेव्हा नव्या यंत्राला त्याची हुबेहूब नक्कल तिथले साहेब पोंक्षे यांनी शिकवली. फक्त एक खोड मोडली. रिकामा रकाना दिसला की जुनं थांबायचं, घंटा वाजवून माणसाला विचारायचं. नवं तिथं शून्य धरून पुढं जायचं. भुशीला पाऊस मोजणाऱ्या सावळानं ऐन आषाढात तीन दिवस शून्य लिहिल्याची लबाडी नव्या यंत्रानंच पकडली, म्हणून बडतर्फीचा कागद घेऊन पोंक्षे ऐटीत आले. आकड्यांपुरतंच शिकलेल्या सावळानं कागद कपाळाला लावला, मग आपली वही पुढं केली. तीन रकाने कोरे होते. “बायकू गेली, सायेब. सुतकात मापाला हात लावला न्हाई. पाऊस तर लय व्हता, शून्य कसं लिवनार?” कपाळाला लावलेला कागद परत मागायला पोंक्ष्यांची जीभ रेटेना. “म्हनलं, कोरं बगून कुनीतरी इचारायला येईल. तुमी आला.”