अंगातला साठा

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट सरांपुढे सरकवला. सरांच्या दहा दिवसांच्या बाळाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब घेतला होता. त्यातून कळलं होतं ते असं, की या बाळाच्या शरीराला चरबी जाळता येत नाही. पोटात दूध आहे तोवर सगळं ठीक. ते संपलं की पुढचं इंधन पेटतच नाही.

"सर, हे मी तुम्हाला काय समजावणार?" त्या संकोचून म्हणाल्या. त्या सरांच्याच विद्यार्थिनी होत्या.

सर बावीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात हाच धडा शिकवत होते. दोन बोटांची कात्री करायची आणि फळ्यावरची चरबीतल्या फॅटी ॲसिडची लांबलचक साखळी कापत जायची, दर खेपेला दोन कार्बन. मुलं पाठीमागे त्यांना कात्री सर म्हणत. काही बाळांना ही कात्री जन्मतःच नसते, हेही त्यांच्या नोट्समध्ये एका ओळीत होतं. त्या ओळीपाशी आले की सर म्हणत, "हे परीक्षेला येत नाही," आणि पान उलटत.

बाळ आत्याच्या मांडीवर होतं. आईला कोपऱ्यातलं स्टूल मिळालं होतं. घरात तसं ठरूनच गेलं होतं. आईने फक्त पाजायचं, बाकी सगळं आत्याने बघायचं. पाजून झालं रे झालं की आत्या हात पुढे करायची, आणि आई मुकाट्याने बाळ देऊन टाकायची.

कारण थोरली मुलगी आईच्या हलगर्जीपणाने गेली, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. चौदा महिन्यांची पोर तापाने फणफणली होती, सकाळी ओकली होती. दिवसभर उपाशी झोपून राहिली आणि आईलाही शेजारी डोळा लागला. पाच वाजता बघितलं तर अंग गार पडलेलं. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून सर बायकोशी कामापुरतं बोलत, आणि कामं तरी किती असतात?

"थोरलीलाही बहुतेक हेच असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे आईकडून अर्धं येतं, वडिलांकडून अर्धं. कुणाचाच अपराध नाही त्यात."

वडिलांकडून अर्धं, हे सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. विषय त्यांचा होता. ते खुर्चीत सावरून बसले आणि बोलू लागले. उपाशीपोटी आधी साखर संपते, मग शरीर चरबीकडे वळतं, इथे ती वाटच बंद, म्हणून मेंदू उपाशी. आवाजाला वर्गातली धार आली. आपल्याच लेकीचं मरण ते असं फोड करून सांगत होते आणि एकही शब्द चुकत नव्हता.

"म्हणजे वेळेवर चार चमचे साखरपाणी पोटात गेलं असतं, तरी ती वाचली असती?" शेवटी त्यांनी विचारलं.

"कदाचित, सर. निदान इथपर्यंत आणता आलं असतं."

सर बायकोकडे वळले. "ऐकलंस? चार चमचे."

आत्याला तेवढंच हवं होतं. "वहिनी, आता तरी पटलं ना? दादा, मी बाळाला माझ्या घरीच घेऊन जाते. घड्याळ लावून बाटलीने पाजीन. हिच्या भरवशावर दुसरंही जायचं."

"हेच बरं," सर म्हणाले. "डॉक्टर, तसंच लिहा. दर तीन तासांनी दूध, आणि बाळ आत्याकडे."

स्टुलावरची बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ते बोट पांढरं पडलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं. "आधी मला थोरलीचं नीट लिहून घेऊ द्या. त्या दिवशी किती वाजता झोपली? मध्ये कुणी उठवायचा प्रयत्न केला होता का?"

"कोण उठवणार?" सर फटकन म्हणाले. "ही स्वतःच घोरत पडली होती."

स्टुलावरची बाई उठली. तीन पावलांत ती आत्यापाशी पोचली आणि तिने बाळ उचललं. आत्या "अगं अगं" करत राहिली.

"मी झोपले नव्हते, डॉक्टर. हे लिहा. वाटीत साखरपाणी घेऊन मी दोनदा गेले. दोन्ही वेळा ह्यांनी खोलीच्या दारातूनच मला परत पाठवलं. म्हणाले, झोपू दे, उगाच उठवू नकोस. पोर गुटगुटीत आहे, अंगात साठा आहे, शरीर आपोआप जाळेल. मला वाटलं, हे तर कॉलेजात हेच शिकवतात. ह्यांच्यापेक्षा मला काय कळणार?"

"साफ खोटं!" सर ताडकन उभे राहिले. रागाने त्यांचा आवाज फाटला. ते सोंग करत नव्हते. तीन वर्षांत त्यांची खरोखरच तशी खात्री पटली होती. "तूच सांगितलंस, तुला डोळा लागला म्हणून! सगळ्या नातेवाइकांसमोर, तुझ्या तोंडाने!"

"हो, सांगितलं," ती बाळाचं डोकं खांद्यावर नीट टेकवत म्हणाली. "त्या संध्याकाळी तुम्ही 'मीच मारलं तिला' म्हणत भिंतीवर डोकं आपटत होतात. म्हणून सांगितलं."