माथ्यावर

“आलेच हं,” म्हणून सुलभा गाडीतून उतरली. श्रीरंग डोकं धरून सीटवर मागे टेकला होता. लेहच्या रस्त्यावरच्या त्या उंच खिंडीत नवऱ्याचं डोकं ठणकत होतं. तिला फक्त पाय मोकळे करायचे होते.

खिंडीतून एक पायवाट वर चढत होती. लग्नाआधी सुलभा दरवर्षी हिमालयात जायची. पुढे संसारात ते सगळं मागे पडलं. आता दगडावर पाऊल टेकलं आणि श्वासाला जुनी लय सापडली. एवढं वळण, मग पुढचं, असं करत ती थेट माथ्यावर पोहोचली. समोरची बर्फाची शिखरं पाहून एकटीच मोठ्यानं हसली.

खाली आली तर श्रीरंग रस्त्याकडेला आडवा पडलेला, उलट्यांनी पार गळून गेलेला. दुसऱ्या गाडीतल्या एका बाईंनी त्याच्या नाकाशी ऑक्सिजनचा डबा धरला होता.

“कुठे होता हो तुम्ही? सारखं सुलभा, सुलभा चाललं होतं यांचं,” त्या म्हणाल्या.

सुलभाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं त्याला गाडीत बसवलं आणि गाडी उताराला लावली. बरंच खाली आल्यावर त्याला हुशारी वाटू लागली.

“हसत उतरत होतीस,” तो म्हणाला. “वर काय दिसलं गं?”

“काही नाही.”

तिला त्याच्याकडे बघवेना. माथ्यावर त्याची एकदाही आठवण झाली नव्हती; आणि आत्ताही, स्टिअरिंग धरून, तिचे डोळे समोरच्या डोंगरावर वाट शोधत होते.