न खोडलेले दोन आकडे

बनपावाला लोणी लावता लावता आर्डिसचा हात थांबला, तो थांबलाच.

चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात ती आणि व्हर्ला दोघीच होत्या. वर अकरा वाजता ओलेरुड सरांची अंत्यप्रार्थना, आणि त्यानंतर दीडशे माणसं जेवायला खाली उतरणार. सरांची मुलगी कार्ला आत्ताच एक जुनी हिरवी वही टेबलावर ठेवून गेली होती. बाबांच्या कपाटात सापडली, तुमच्या इतिहासाला उपयोगी पडेल, एवढं सांगून ती पाहुण्यांकडे वळली.

सहा शाळांच्या क्रीडामंडळाचा इतिहास आर्डिस दोन वर्षं लिहीत होती. मंडळ मोडून पंचावन्न वर्षं झाली. मुलींच्या बास्केटबॉलचे एकोणतीस हंगाम तिने गावोगावच्या माळ्यांवरून, खोक्याखोक्यांतून जमवले. शेवटच्या हंगामातल्या अंतिम सामन्याची गुणांची वही तेवढी मिळत नव्हती. ती तिला हवी होती अशातलाही भाग नव्हता. वेळ संपली तेव्हा स्टॅव्हलीच्या शाळेचे एक्केचाळीस गुण होते आणि तिच्या नॉर्बीचे चाळीस, आणि तिला एक फ्री थ्रो मिळाला होता: रेषेवरून, कोणी न अडवता, एका गुणासाठी चेंडू टाकायचा. आपल्या इतिहासात त्या सामन्याला तिने स्वतःच्या हाताने एकच वाक्य दिलं होतं: ‘आर्डिस टायडनचा फ्री थ्रो चुकला आणि नॉर्बी हरली.’

आता ती वही तिच्या पुढ्यात उघडी होती. अशा वह्या वाचायची तिला एव्हाना सवय झाली होती. वर एकेका मुलीच्या नावापुढे तिचे गुण, आणि खाली एकापासून ऐंशीपर्यंत छापील आकडे. बास्केट झाली की खालचे दोन आकडे खोडायचे. मैदानावरचा गुणफलक त्यावरूनच हलायचा.

नॉर्बीच्या मुलींचे गुण तिने मोजले. पुन्हा मोजले, लोणी लागलेलं बोट एकेका नावाखाली टेकवत. बेचाळीस. खाली मात्र चाळीसपर्यंतच आकडे खोडलेले. एक्केचाळीस आणि बेचाळीस स्वच्छ होते, छापखान्यातून आले तसे.

म्हणजे ती रेषेवर जाऊन उभी राहिली तेव्हा नॉर्बी जिंकलेलीच होती.

तेवढ्यात घडीच्या खुर्च्या घेऊन गावातला मायलो जिना उतरला. साखरेचा डबा मागताना म्हणाला, “आर्डिस, हातात दे हं. फेकशील आणि जाईल भलतीकडे.” एरवी त्या चुकलेल्या फ्री थ्रोवरच्या अशा थट्टेला सगळ्यांच्या आधी तीच हसायची. आज तिने डबा त्याच्या हातात दिला आणि तो जिना चढून जाईपर्यंत त्याच्या पाठीकडे पाहत राहिली.

वहीतलं अक्षर तिच्या ओळखीचं होतं. याच अक्षरातल्या केकच्या कृती तिच्या घरी डबाभर होत्या. सामना ज्यांच्या घरच्या मैदानावर, त्यांची वही खरी, हा मंडळाचा नियम. नॉर्बीची वही लिहिणारी मुलगी त्या दिवशी बर्फात अडकली होती. वही लिहायला एकटी व्हर्लाच होती, स्टॅव्हलीची, सतरा वर्षांची.

“व्हर्ला, हे बेचाळीस होतात.”

व्हर्ला पावांत हॅमचे तुकडे भरत होती. तिने मान वर केली नाही. “होतात,” ती म्हणाली.

मग ती हळू आवाजात सांगत गेली. सामन्यानंतरच्या रविवारी तिने सहज बेरीज केली आणि चूक तिच्या लक्षात आली. वडिलांची गाडी काढून ती एकटी नॉर्बीला, तेव्हा तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक असलेल्या सरांच्या दारात गेली. सरांनी वही पाहिली आणि मिटून ठेवली. मंगळवारी दोन्ही शाळा एक करायचं मतदान होतं. नॉर्बीच्या शाळेचं छप्पर आणखी एक हिवाळा काढेल असं नव्हतं. स्टॅव्हलीने आपला विजय लाटला हे कळलं असतं, तर नॉर्बीतल्या एकाही आईबापाने पोर तिकडे धाडलं नसतं. सरांनी तिला बायबलवर हात ठेवायला लावला.

“मंगळवारपर्यंतच गप्प राहा म्हणाले होते,” व्हर्ला म्हणाली. “मग मंगळवार गेला.”

“माझ्या शेजारी बसून स्तोत्रं म्हणतेस. इतकी वर्षं.”

“रोज सकाळी प्रार्थनेत पहिलं नाव तुझं घेते गं. सांगायचं सोडून सगळं केलं.”

आर्डिसने वही मिटली. आणखी कोणाला ठाऊक होतं, असं तिने विचारलं. वर कोणीतरी ऑर्गन वाजवून पाहत होतं.

“तुझ्या बाबांना,” व्हर्ला म्हणाली. “शाळेच्या समितीवर होते ना ते. मी तिथे असतानाच सरांनी त्यांना बोलावून घेतलं. शाळा एक करायला दारोदार मतं मागत फिरले ते तेच.”

आर्डिस खुर्चीत बसली.

त्या उन्हाळ्यात ती कोठाराच्या भिंतीवरच्या बास्केटच्या कड्यात रोज संध्याकाळी शंभर वेळा चेंडू टाकायची. मक्याचं काम अर्धं टाकून बाबा कड्याखाली येऊन उभे राहत. प्रत्येक चेंडू उचलून तिच्या हातात आणून देत. एक शब्द बोलत नसत, तिच्या तोंडाकडे बघत नसत. माझ्यावर रागावलेत, असं तिला वाटे. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी शंभरच्या शंभर चेंडू कड्यातून गेले. शेवटचा चेंडू बाबांनी परत दिला नाही. तो छातीशी धरून ते कोठाराच्या मागे गेले, आणि अंधार पडेपर्यंत पुढे आले नाहीत.