छातीवरचा भार

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जयराजला बाजूला घेतलं. "आईंचं हृदय थांबलं, तर छाती दाबून परत चालू करायचा प्रयत्न करायचा का? शरीर फार थकलंय. त्यांना त्रासच होईल."

जयराज फौजेतून रिटायर होऊन शिराळ्याला शेती बघायचा. तो कसाबसा म्हणाला, "नको. सुखानं जाऊ द्या तिला."

दुपारी शालूबाई गेल्या. डॉक्टर तपासून गेले, नर्सनं मशीन बंद केलं. जयराज आईच्या उशाशी बसून राहिला.

"माजं चुकलं गं," तो बायकोला म्हणाला. "एकदा तरी दाबून बगा म्हनायला पायजे हुतं."

"आवं, आत्यांचे हाल बगवत न्हवते. बरोबरच केलंत तुमी." क्रांतीनं त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले.

तेवढ्यात शालूबाईंच्या छातीवरची चादर आत दबली. वर आली. पुन्हा दबली. कुणीतरी अंगाचा सगळा भार देऊन, एका लयीत दाबत असावं तशी. लोखंडी पलंग करकरू लागला.

जयराजचे हात अजून क्रांतीच्याच हातांत होते.

शालूबाईंचे ओठ हलले.

"जया, पुरे रं बाळा," त्या म्हणाल्या. "लय दुखतंय."