ओठांवरचं बोलणं

"मावशी, हळू बोला! हा कारखाना नाही," सिस्टरने पुन्हा दटावलं, आणि नागमणीने जीभ चावली.

परदेशातून स्वस्त टॉवेल येऊ लागले आणि सोलापुरातला तिचा कारखाना बंद पडला. सरकारने कामावरून गेलेल्यांना रुग्णसेवेचं प्रशिक्षण देऊ केलं, म्हणून निळा एप्रन घालून ती या वॉर्डात आली होती. पण उभा जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला; हळू बोलणं तिला कुठून जमणार?

समोरच्या खाटेवरच्या आजोबांच्या गळ्यात नळी होती. आवाज फुटत नव्हता, नुसते ओठ हलत होते. आजींनी पाणी पुढे केलं, उशी सरळ केली, पंखा लावला. आजोबांचं मान हलवून आपलं 'नाही, नाही'. आजी अगदी रडकुंडीला आल्या.

नागमणीने सहज त्या ओठांकडे बघितलं आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिला सगळं कळत होतं! कारखान्यात तरी कुणाचा आवाज कुणाला ऐकू यायचा? सासूच्या कागाळ्यांपासून लेकीच्या लग्नापर्यंत सगळं तिथल्या बायका एकमेकींचे ओठ बघूनच तर बोलायच्या. आपल्याला हे काही वेगळं येतं, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

ती आजींच्या कानाशी वाकली. जन्मात पहिल्यांदाच तिचा आवाज हळू निघाला.

"आजी, ते विचारतायत, तू जेवलीस का?"